मधली तीनशे वर्षं कुठे गेली?

‘स्टार ट्रेक’च्या जगात माणसाने प्रकाशापेक्षा जास्त वेगाने पहिलं उड्डाण कधी केलं, याची तारीख ठरलेली आहे: ५ एप्रिल २०६३. ते यान कोणी बांधलं, ते पाहून परग्रहावरचे पाहुणे कसे खाली उतरले, यावर १९९६ मध्ये आख्खा चित्रपट निघाला. इंजिन कसं चालतं, त्यातलं प्रतिद्रव्य कसं आवरून ठेवतात, हे मालिकेतले इंजिनिअर उठताबसता सांगत असतात. पण त्याच जगात दोन पुरुषांनी एका खोलीत संसार थाटला तर शेजाऱ्यांच्या कपाळावरच्या आठ्या कधी गेल्या, याची तारीख कुठेच नाही. हे कोणी घडवून आणलं, किती वर्षं लागली, कोणी मार खाल्ला, कोणाच्या आईने बोलणं टाकलं, काही कळत नाही. पडदा उघडतो तेव्हा सगळं आपोआप झालेलं असतं.

विज्ञानमालिकांमधल्या समलिंगी नात्यांबद्दल माझी मुख्य तक्रार हीच आहे. आणि ही तक्रार मी ज्यांना या मालिका आवडतात त्यांच्या बाजूला बसून करते आहे, हे आधीच सांगितलेलं बरं.

२०१७ मध्ये आलेल्या ‘स्टार ट्रेक: डिस्कव्हरी’त एक छोटासा प्रसंग आहे. स्टॅमेट्स हा शास्त्रज्ञ आणि कल्बर हा डॉक्टर, दोघं रात्रीच्या कपड्यांत आरशासमोर उभे राहून दात घासतायत. एकाने दिवसा जिवावर बेतेल असा प्रयोग स्वतःवर करून घेतलाय, दुसरा त्यावरून धास्तावलाय आणि चिडलाही आहे. तोंडात ब्रश, त्यामुळे भांडणही अर्धवट. दोघं पुरुष आहेत याचा यानावर कोणी उल्लेखसुद्धा करत नाही. प्रसंग मला फार आवडला. इतकं घरगुती प्रेम विज्ञानमालिकेत क्वचित दिसतं, तिथे सहसा नायक नायिकेला स्फोटातून उचलून आणतो. पण ‘स्टार ट्रेक’ सुरू झालं १९६६ मध्ये. भविष्याच्या गोष्टी सांगणाऱ्यांना आपल्या मालिकांमधल्या भविष्यात एक उघड समलिंगी जोडपं बसवायला एक्कावन्न वर्षं लागली. डेव्हिड जेरॉल्ड या लेखकाने १९८७ मध्येच एका भागात तसं जोडपं लिहून दिलं होतं, एड्सच्या साथीला समोर ठेवून. तो भाग त्या मालिकेत कधी चित्रित झालाच नाही. हिरव्या कातडीची माणसं चालली, टोकदार कानांची चालली, दोन साधे पुरुष मात्र अडले.

मग मधल्या काळात या मंडळींनी आडवाट धरली. सरळ बोलता येत नव्हतं म्हणून परग्रहवासीयांच्या तोंडून बोलायचं. १९९२ चा ‘द आउटकास्ट’ हा भाग घ्या. एका ग्रहावर स्त्री-पुरुष हा भेदच नाही, सगळे मधले. ज्याला आपण पुरुष किंवा स्त्री आहोत असं वाटतं तो तिथे विकृत, त्याला पकडून ‘बरं’ करतात. सोरेन नावाची अशी एक व्यक्ती रायकर या यानावरच्या अधिकाऱ्याच्या प्रेमात पडते, पकडली जाते, आणि शेवटी ‘बरी’ होऊन येते: शांत, आज्ञाधारक, रायकरकडे अनोळखी नजरेने बघणारी. हेतू स्वच्छ होता. पण सोरेनची भूमिका एका अभिनेत्रीला दिली होती. पडद्यावर दिसतात ते एक दाढीवाला पुरुष आणि एक नाजूक बाई, आणि त्यांच्या प्रेमावर जग उठलेलं. अशा जोडप्याला सहानुभूती द्यायला कोणाला काय कष्ट पडतात? रायकर साकारणाऱ्या जोनाथन फ्रेक्सने स्वतःच पुढे म्हटलं की त्या भूमिकेत पुरुष हवा होता.

तरीही हा भाग नाशिकला बसून बघताना शेवट अंगावर येतो, कारण ‘बरं करणं’ इथे कल्पनेतलं नाही. मुलगा किंवा मुलगी घरी खरं सांगते तेव्हा आधी देवऋषी, मग मानसोपचारतज्ज्ञ, मग घाईघाईने स्थळं बघणं, हा क्रम अनेक घरांना ठाऊक आहे. जागतिक आरोग्य संघटनेने समलैंगिकतेला आजारांच्या यादीतून काढलं १९९० मध्ये, म्हणजे तो भाग दाखवायच्याही दोन वर्षं आधी. आपल्याकडे मद्रास उच्च न्यायालयाने २०२१ मध्ये खडसावल्यावर राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाने २०२२ मध्ये असल्या ‘उपचारां’ना व्यावसायिक गैरवर्तन ठरवलं. त्याच आयोगाच्या २०२४ च्या अभ्यासक्रमात समलिंगी संबंध पुन्हा अनैसर्गिक गुन्ह्यांत जाऊन बसले होते. ओरड झाली तेव्हा ते मागे घेतले. राज्यभरातल्या वैद्यकीय विद्यार्थ्यांना पदवी देणारं आरोग्य विद्यापीठ आपल्या म्हसरूळला आहे. तेव्हा हा प्रश्न परग्रहावरचा म्हणून सोडून देता येत नाही.

त्याहून मोलाचा वाटतो तो १९९५ चा ‘स्टार ट्रेक: डीप स्पेस नाइन’मधला ‘रिजॉइन्ड’ हा भाग. जॅड्झिया आणि लेनारा या दोन स्त्रिया. त्यांच्या शरीरात राहणारे जीव आधीच्या जन्मात, म्हणजे आधीच्या शरीरांत, नवरा-बायको होते. त्यांच्या समाजात जुनं नातं नव्या शरीरात पुन्हा जोडायला सक्त मनाई आहे. जोडलंत तर हद्दपारी. आणि हद्दपार झालेल्याच्या आतला तो कित्येक पिढ्यांचा जीव त्याच्याबरोबर मरणार, त्याला पुढचं शरीर मिळणार नाही. सबंध भागात दोघी बायका आहेत याबद्दल कोणी चकार शब्द काढत नाही, मनाई आहे ती वेगळ्याच गोष्टीला. लेनाराचा सख्खा भाऊ तिला समजावायला येतो, तोही वाईट माणूस नाही, त्याला बहीण गमवायची नाहीये एवढंच. शेवटी लेनाराचा धीर होत नाही. ती निघून जाते.

हा भाग अमेरिकन प्रेक्षकापेक्षा आपल्याला लवकर कळतो, कारण त्यातली शिक्षा आपल्या ओळखीची आहे: वाळीत टाकणं. घरातल्या मर्तिकाला कोणी यायचं नाही, लग्नाला बोलावणं नाही, पिढ्यांचा धागा तुटला. आणि इथे नाशिकच्या माणसाला एक गोष्ट जास्तीची माहीत आहे. जातपंचायतींच्या विरुद्ध अंधश्रद्धा निर्मूलन समितीने २०१३ मध्ये मोहीम उघडली ती आपल्याच शहरातून, इथल्याच एका तरुणीच्या खुनानंतर. तक्रारी आल्या, परिषदा झाल्या, पंचांना समोर बसवलं गेलं, वर्तमानपत्रांनी बातम्या लावून धरल्या, आणि २०१६ मध्ये सामाजिक बहिष्कारविरोधी कायदा विधिमंडळात मंजूर झाला. असा कायदा करणारं महाराष्ट्र हे देशातलं पहिलं राज्य. पंचायती संपल्या असं मी म्हणत नाही. पण समाजाचा एखादा नियम मोडायला काय काय लागतं, कोणाला पोलिस ठाण्याच्या बाकावर बसून राहावं लागतं, हे आपण पाहिलंय. ‘रिजॉइन्ड’मध्ये नियम आहे, शिक्षा आहे, रडणारी माणसं आहेत. तो नियम बदलू पाहणारं मात्र कोणी नाही.

एकविसावं शतक सुरू झालं आणि मालिकांना मोकळेपणा मिळाला. ब्रिटनमध्ये शाळांनी आणि पालिकांनी समलैंगिकतेचा ‘प्रचार’ करू नये असा कायदा होता, १९८८ चा. तो इंग्लंडमधून गेला २००३ मध्ये. २००५ मध्ये ‘डॉक्टर हू’ नव्याने सुरू झालं आणि शनिवारी संध्याकाळी आख्खं कुटुंब बघतं अशा मालिकेत एक्कावन्नाव्या शतकातला कॅप्टन जॅक आला, पुरुष-बाई-परग्रहवासी सगळ्यांवर सारखाच भाळणारा. किती मोठी उडी! पण ती उडी मारता आली ती पंधरा वर्षं रस्त्यावर ओरडणाऱ्या लोकांमुळे, आणि ते लोक मालिकेत नाहीत. मालिका म्हणते, त्याच्या काळात असंच असतं. प्रश्न मिटला.

मोकळेपणा आला तशी एक खोडही आली. जोडपं दाखवायचं आणि त्यातलं एक मारून टाकायचं. जॅकचा प्रियकर इयांटो २००९ मध्ये गेला. ‘द हंड्रेड’मधली लेक्सा २०१६ मध्ये गेली, तेही प्रेयसीच्या मिठीतून उठल्यावर लगेच, भरकटलेल्या गोळीने. प्रेक्षक एवढे संतापले की निर्मात्याला माफी मागावी लागली. दात घासणारा कल्बरसुद्धा २०१८ मध्ये मान मोडून मेला, पुढल्या पर्वात त्याला परत जिवंत केला, विज्ञानमालिकेत ती सोय असते. यावर पुष्कळ लिहून झालंय, मी लांबवत नाही.

मला जास्त खुपतं ते वेगळं आहे आणि ते उत्तम भागांमध्येच दिसतं. ‘द लास्ट ऑफ अस’चा २०२३ मधला तिसरा भाग ज्याने पाहिला तो विसरणार नाही. बिल आणि फ्रँक, ओस पडलेल्या गावात सोळा-एक वर्षं एकमेकांबरोबर जगतात. फ्रँक एक पिस्तूल देऊन स्ट्रॉबेरीच्या बिया मिळवतो. पहिली स्ट्रॉबेरी खाताना तो दाढीवाला, संशयी, बंदुका साठवणारा बिल लहान मुलासारखा खिदळतो. नाशिक जिल्ह्यात स्ट्रॉबेरी म्हणजे सुरगाण्याकडून सापुताऱ्याच्या रस्त्यावर विकायला येणारी टोपली, त्यामुळे मला तो प्रसंग उगाच जवळचा वाटला. पण विचार करा: या दोन पुरुषांना सुखाने म्हातारं होता यावं म्हणून लेखकाला काय करावं लागलं? मानवजात बुडवावी लागली. गाव रिकामं झालं, लष्कराने सगळ्यांना उचलून नेलं, कुंपणाला वीज सोडली, तेव्हा कुठे यांचा संसार लागला.

‘ब्लॅक मिरर’च्या ‘सॅन जुनिपेरो’त (२०१६) तीच गोष्ट दुसऱ्या टोकाने. यॉर्की आणि केली यांना एकत्र राहायला मिळतं ते मेल्यानंतर, संगणकात साठवलेल्या समुद्रकाठच्या गावात. एका गोष्टीत जग मरतं, दुसरीत त्या दोघी मरतात. कॅप्टन जॅक तर तीन हजार वर्षं पुढचा. म्हणजे समाज बदलायचा नाही, तो चौकटीतून बाहेर काढायचा. मग उरलेल्या जागेत प्रेम छान फुलतं. ते फुलणारच.

आपल्याकडे हे फार सोयीचं पडतं. आपला समाज या नात्यांचा द्वेष करतो असं सरसकट म्हणता येणार नाही. आपण विषय काढत नाही. इंदिरानगरात किंवा गोविंदनगरात दोन पुरुष वर्षानुवर्षं एका फ्लॅटमध्ये राहतात, खालच्या मजल्यावरच्या काकू त्यांना गणपतीचा प्रसाद देतात, ‘दोघं फार सज्जन हो’ म्हणतात, आणि पुढचं काही विचारत नाहीत. ‘डिस्कव्हरी’च्या यानावरही कोणी काही विचारत नाही. वरवर पाहता दोन्ही शांतता सारख्याच दिसतात. यानावर बोलण्यासारखं काही उरलेलं नाही म्हणून कोणी बोलत नाही. इथे बोललो तर काहीतरी करावं लागेल म्हणून कोणी बोलत नाही. काकूंना विचारून बघा, या दोघांचं केळवण कराल का.

ही शांतता कुठे फाटते ते माझ्या ओळखीच्या दोघांकडून कळलं. महामार्गावर द्वारका चौकाजवळ एकाच्या दुचाकीला अपघात झाला. दुसरा धावत रुग्णालयात गेला. शस्त्रक्रियेच्या संमतीपत्रावर ‘रुग्णाशी नाते’ असा रकाना असतो. त्याने पेन हातात घेतलं आणि लिहिलं ‘मामेभाऊ’. काउंटरवरच्या बाईंनी आडनावं बघितली, ओळखपत्र मागितलं, आणि ‘रक्ताचं कोणी बोलवा’ म्हणून कागद परत सरकवला. धुळ्याहून सख्खा भाऊ आला, ज्याच्याशी रुग्णाचं कैक दिवसांत बोलणं नव्हतं, त्याने सही केली आणि मग पुढचं सगळं झालं. कोणी दुष्टपणा केला नाही, नियमाला धरूनच होतं. मामेभाऊ बाहेरच्या बाकावर बसून राहिला.

म्हणून मला ‘सॅन जुनिपेरो’मधली सगळ्यात मोठी जागा त्या गुलाबी समुद्रकिनाऱ्यापाशी सापडत नाही, ती सापडते एका सहीपाशी. यॉर्कीने तरुणपणी आईवडिलांना खरं सांगितलं, त्यांनी धुडकावलं, त्याच रात्री तिच्या गाडीला अपघात झाला आणि ती चाळीस वर्षं अंथरुणाला खिळली. आता तिला मरून त्या गावात कायमचं जायचंय तर घरच्यांपैकी कोणाची तरी सही लागते, आणि घरचे देत नाहीत. तेव्हा केली तिच्याशी लग्न करते. तिथे ते लग्न म्हणजे अधिकृत सही करायचा हक्क. एवढ्या पाच मिनिटांत भविष्य आणि समाज एकाच खोलीत येतात, कायदा, नर्स, घरच्यांचा हट्ट यांच्यासकट. उरलेला भाग सुंदर आहे, पण हा खरा आहे.

आपल्या देशात भविष्य असंच, कागदाकागदाने येतंय. ६ सप्टेंबर २०१८ ला सर्वोच्च न्यायालयाने कलम ३७७ मधला समलिंगी संबंधांचा गुन्हा काढला. १७ ऑक्टोबर २०२३ ला त्याच न्यायालयाने लग्नाचा हक्क द्यायला नकार दिला, पण सरकारने समिती नेमून अडचणी पाहाव्यात असं ठरलं. २०२४ मध्ये केंद्राने राज्यांना कळवलं की शिधापत्रिकेसाठी असे जोडीदार एकाच घरातले धरावेत. बँकेत संयुक्त खातं काढायला आणि जोडीदाराला नॉमिनी लावायला आडकाठी नाही. जवळचं नातेवाईक नसेल तर जोडीदाराला मृतदेह ताब्यात घेता यावा. रेशन कार्ड, पासबुक, मृतदेह. यात प्रकाशाला मागे टाकणाऱ्या वार्प ड्राइव्हची भव्यता नाही, पण एखादा लेखक या परिपत्रकावर बसला तर पूर्ण पर्व निघेल. शिधावाटप दुकानदार ते परिपत्रक वाचतो का, वाचलं तर काय म्हणतो, तिथेच पहिला भाग.

‘हे सगळं तिकडचं खूळ’ असं कोणी म्हणालं तर काही मित्र लगेच फाळक्यांचा दाखला काढतात. त्र्यंबकेश्वरला जन्मलेल्या दादासाहेबांच्या ‘लंकादहन’मध्ये साळुंके नावाच्या एकाच नटाने राम आणि सीता दोन्ही केले, १९१७ मध्ये. गंमत म्हणून मला आवडतो, पुरावा म्हणून पटत नाही. बायका कामाला मिळत नव्हत्या, त्यातून काढलेली ती सोय होती. खरा दाखला हवा तर तेंडुलकरांचं ‘मित्राची गोष्ट’ घ्या. स्त्रीवर प्रेम करणारी स्त्री मराठी रंगभूमीवर १९८१ मध्ये उभी राहिली, ‘रिजॉइन्ड’च्या चौदा वर्षं आधी, आणि कुठल्याही परग्रहाचा आडोसा न घेता. भोवती कॉलेज, मित्र, कुजबुज सगळं होतं. फक्त शेवट मरणाचा होता. आपल्या नाटकाला समाज पुरता माहीत होता पण त्यातून जिवंत सुटायची वाट दिसली नाही; विज्ञानमालिकांना सुटका माहीत आहे, समाज नाही. हे दोन्ही एका गोष्टीत कोणी आणलेलं माझ्या पाहण्यात नाही.

आणायला मराठीत काय अडचण आहे? २०२१ मध्ये नाशिकला साहित्य संमेलन झालं तेव्हा अध्यक्ष होते जयंत नारळीकर. प्रकृतीमुळे ते येऊ शकले नाहीत, पण विज्ञानकथा लिहिणारा शास्त्रज्ञ मराठी साहित्याच्या मानाच्या खुर्चीवर, हे आपल्या गावात घडलं. त्यांच्या कथांची खुबीच ही की माणूस आरशातल्यासारखा उलटा होऊन परत आला तरी भोवतालचं क्रिकेट आणि गणपती जागच्या जागी असतात. समाज हाकलून न देता विज्ञानकथा लिहिण्याची परंपरा आपल्याकडे आयती आहे.

आणि समाज बदलतानाचा मधला काळ कसा असतो ते नाशिकला कोणी शिकवायला नको. काळाराम मंदिराच्या दारात २ मार्च १९३० ला सत्याग्रह सुरू झाला, दादासाहेब गायकवाड आणि हजारो माणसं उभी राहिली, आणि ते पाचेक वर्षं चाललं. दार त्या पाच वर्षांत उघडलं नाही. १९३५ मध्ये बाबासाहेबांनी येवल्याला धर्म सोडण्याची घोषणा केली. दोन लढ्यांची तुलना मी करत नाही, जातीचं दुखणं वेगळं आणि कैक पटींनी जुनं आहे. पण एका दारापुढे पाच वर्षं काढलेल्या गावाला ‘तेविसाव्या शतकात माणसं सुधारली’ एवढ्या एका वाक्यावर गप्प बसता येऊ नये.

काही जण म्हणतील, प्रेक्षकाला जरा सुख नको का, सगळीकडे लढाच कशाला? रास्त आहे. एकटं पडलेलं पोर रात्री मोबाइलवर त्या दोघांना दात घासताना बघत असेल तर त्याला तेवढाच आधार असतो, तो मी हिरावून घेणार नाही. ज्यांच्यावर बेततं त्यांना सुखाचं भविष्य दाखवायलाच हवं. माझा रोख उरलेल्यांवर आहे, जे मालिका बघून डोळे पुसतात आणि सकाळी सोसायटीच्या ग्रुपवर ‘फ्लॅट फक्त फॅमिलीला’ असा मेसेज टाकतात. त्यांना ते स्वतः दिसतील असं पात्र एकाही यानावर नाही.

मोठ्या वाहिन्या हे करतील असं वाटत नाही, त्यांच्या मालिकांत अजून सासूच दुष्ट आहे. पण राज्य नाट्य स्पर्धेच्या प्राथमिक फेरीला सायखेडकर नाट्यगृहात दरवर्षी नवी संहिता घेऊन पोरं उभी राहतात, आणि विज्ञाननाट्याला यान लागतंच असं नाही. साल २०४१. पाथर्डी फाट्यावरची एक सोसायटी. वार्षिक सर्वसाधारण सभा, प्लॅस्टिकच्या खुर्च्या, चहा उशिरा. पार्किंगच्या रोबोटचा ठेका कोणाला द्यायचा यावर तासभर गेलेला. मग विषय क्रमांक सहा: फ्लॅट ४०२ च्या भागपत्रात दुसऱ्या पुरुषाचं नाव ‘पती’ म्हणून घालायचं की नाही, कायद्याने घालावं लागेल, पण सभासदांचं म्हणणं काय. पहिला आक्षेप कोण घेतं हे लेखकाने नीट ठरवावं. सेक्रेटरी घेणार नाही, तो कागदाला घाबरून असतो. माझ्या मते तो घेतील तिसऱ्या मजल्यावरचे भले गृहस्थ, जे करोनात सगळ्यांची औषधं आणून देत होते, आणि बोलायला सुरुवात करतील ‘माझा वैयक्तिक काही विरोध नाही’ अशी.